बारा कानांचं एक्सचेंज

फोन मेला नव्हता, हीच तर पंचाईत होती. मेलेला फोन परवडला. कुठंतरी तार तुटलेली असते, ती सापडली की संपलं. हा फोन चांगला धडधाकट होता. उचलला की घूं असा भरदार सूर कानात यायचा. त्या सुरावर एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा, बटणाचा आवाज गोड उमटायचा आणि त्याच्यामागं ते घूं आपलं चालूच. पाहुण्यानं दारात उभं राहून घसा फाटेस्तोवर हाका माराव्यात आणि घरधन्यानं आत डोळे मिटून तंबोरा छेडत बसावं, तशातली गत.

भिंगरीनं सकाळपासून चाळीसेक वेळा तरी बटणं दाबली असतील.

खरं नाव काहीही असो, लहानपणी आबांनी तिला भिंगरी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बूड म्हणून एका जागी टेकत नव्हतं. आज तर टेकायला सवडही नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते आणि पाच वाजता अलार्मवाली येणार होती.

प्रकार असा होता. आबांचं वय एक्याऐंशी, घरात एकटे. गेल्या वर्षी मागच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. पडले ते पडले, वर तीन तास पायरीशी तसेच पडून राहिले. शेजारी हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारली नाही. का, तर "त्यांची दुपारची झोप असते, कशाला मोडायची." हाड पुढं जुळून आलं, धाकट्या मुलाच्या मनातली धास्ती मात्र गेली नाही. त्यानं आपल्या गावाजवळच्या वृद्धनिवासात एक खोली बघून ठेवली. आबा म्हणाले, मी इथंच बरा. मग भिंगरीनं मध्ये पडून तोड काढली. गळ्यात अडकवायचं एक बटण आणि फोनशेजारी ठेवायची एक पेटी. पडलं, घाबरलं, छातीत कळ आली की बटण दाबायचं. पेटी आपणहून मदत केंद्राला फोन लावते आणि तिकडची बाई पेटीतूनच बोलते. भाऊ कबूल झाला, पण अट घालून. आज पेटी चालली तर आबा इथं राहतील. नाही चालली तर अलार्मवाली पेटी घेऊन जाणार, उद्या सकाळी आबांचं सामान गाडीत. खोली आज संध्याकाळपर्यंतच अडवून ठेवलेली होती.

आणि पेटी फोन लावायची ती फक्त बटणांच्या सुरांनी.

"ताई, अगं किती वेळ तेच तेच?" धाकटा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. आबांची पुस्तकं खोक्यांत भरायला त्यानं आधीच सुरुवात केली होती. "नाही लागत तर नाही लागत."

"आधी तुझी ती चिकटपट्टी बंद कर. चर्र चर्र चर्र. मला ऐकू येत नाहीये काही."

"ऐकायचंय काय त्यात? लागत नाही, हे बहिऱ्यालासुद्धा कळेल."

"वीस वर्षं लोकांच्या फोनमधले बिघाड शोधून देतेय मी. मला शिकवू नकोस."

"तेच म्हणतोय. दिव्याखाली अंधार."

"भांडू नका रे," खिडकीजवळच्या खुर्चीतून आबा म्हणाले. "मी गेल्यावर भांडा. तेव्हा निवांत वेळ मिळेल."

आबांनी चौतीस वर्षं याच गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. लेक त्याच खात्यात लागली, पण मोठ्या शहरात, तक्रारींच्या टेबलावर. बापलेकींची भाषा एक, म्हणून दोघांत बोलणं कमी आणि हुंकार जास्त. कालपर्यंत या टेबलावर चकतीचा काळा फोन होता. बोट घालून चकती फिरवायची, ती कुरकुरत परत यायची, की नंबर लागला. पेटीसाठी म्हणून तिनं बटणांचं नवं यंत्र आणलं, आणि इतक्या वर्षांत आबांच्या घरात कुणाला माहीत नव्हतं ते कळलं. बटणांनी इथं फोन लागतच नव्हता.

तिनं क्रमानं जायचं ठरवलं होतं. यंत्राच्या पोटाखालची, टकटक की सूर ते ठरवणारी खुंटी सुरांच्या बाजूला आहे ना? आहे. काही जुन्या जातीच्या यंत्रांत दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या की बटणं मुकी होतात. पण ही बटणं मुकी नव्हती, चांगली गात होती. तरी तिनं तारा सोडून उलट लावून पाहिल्या. उपयोग शून्य. मग बाहेर जाऊन भिंतीवरची डबी उघडली, घरातली सगळी वायर सोडवून वेगळी केली आणि खांबावरून येणाऱ्या तारेला आपला तपासणीचा फोन थेट जोडला. बटण दाबलं. घूं. परत दाबलं. घूं. शेजारच्या वहिनींकडे जाऊन त्यांचा फोन उचलून बघितला, तर तिथं पहिल्याच बटणाला घूं तुटलं आणि कान मोकळा झाला. काय झालं ते त्यांना सांगायलाही ती थांबली नाही, तशीच चपला अडकवत परत आली.

"चकतीनं लागतो ना?" आबांनी विचारलं.

"लागतो. लख्ख लागतो."

"म्हणजे तार शुद्ध, घर शुद्ध. पाप असलंच तर ते एक्सचेंजमध्ये."

"पण वहिनींचं चालतं, आबा. एक्सचेंज एकच."

"एक्सचेंज एक असलं म्हणून कपाट एक असतं का?" आबांनी हात पुढं केला. "दे इकडं."

तिनं काळा फोन पुन्हा जोडून दिला. त्यांनी त्याची चकती फिरवली आणि रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले. हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. आबा नुसतं ऐकून सांगायचे की पलीकडे कुठलं यंत्र आहे. पहिलं एक्सचेंज पायऱ्यांचं. आकडा फिरवला की आत एक दांडी टक टक टक पायऱ्या चढायची, आपण कुठवर पोचलो ते कानाला कळायचं. त्यानंतर आलं उभ्याआडव्या पट्ट्यांचं. ते सगळे आकडे गपगुमान ऐकून घ्यायचं आणि मग एकदाच खडाड्! आणि शेवटी हे आताचं, संगणकाचं, ज्याच्या पोटात काही हलतच नाही.

"नवंच वाटतंय," आबा म्हणाले. मग डोळे उघडले. "पण खात्री नको धरू. कानही एक्याऐंशीचेच आहेत. एखादं पट्ट्यांचं कपाट शिल्लक राहिलं असेल, माझी तार त्याच्यावर असेल."

"जाऊन बघते."

"भिंगरे," तिनं पर्स उचलली तेव्हा ते म्हणाले, "उगाच कुणाला त्रास देऊ नकोस. होत नसेल तर राहू दे."

तिच्या डोक्यात सणक गेली. ज्याचं घर सुटायचं तोच म्हणतोय राहू दे! पण बोलायलाही वेळ नव्हता.

एक्सचेंज दहा मिनिटांच्या अंतरावर होतं, ती सहा मिनिटांत पोचली. आबांचा डबा घेऊन ती इथं यायची तेव्हा जिन्यातच पायाला थरथर जाणवायची. हजार माणसं एकदम सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज असायचा. आज जिना गप्प. वरच्या मोठ्या दालनात चार टेनिस कोर्टं मावतील एवढी रिकामी जमीन, तिच्यावर बोल्टांची भोकं आणि कपाटं उभी होती तिथले फिकट चौकोन. पार कोपऱ्यात तीन पांढरी कपाटं आणि त्यांच्यासमोर एक टेबल, संगणक, गार झालेला चहा आणि चष्मा कपाळावर चढवलेले साहेब.

तिनं आपली ओळख दिली, आबांचं नाव सांगितलं, जुन्या कपाटाबद्दल विचारलं.

"जुनं कपाट?" साहेब हसले. "आठ वर्षं झाली, भंगारवाले ट्रक भरभरून घेऊन गेले. भोकं तेवढी राहिलीत. हवी असतील तर न्या."

"मग ही तार कशावर आहे?"

"सगळ्या ज्याच्यावर आहेत त्याच्यावर. थांबा, बसा की."

ती बसली नाही. साहेबांनी आबांची तार कपाटातल्या एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली. खाचच खराब असली तर कळेल म्हणून. तिनं तपासणीचा फोन जोडला, दाबलं. घूं. तिसरी खाच. घूं. साहेबांचा चेहरा आता जरा जागा झाला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी संगणकात आबांचा नंबर घातला आणि पडद्यावरच्या ओळीवरून बोट फिरवत गेले.

"अरेच्चा. हे बघा. बटणांची सोय: नाही."

"नाही म्हणजे? कुणी काढली?"

"कुणी काढली नाही हो. कधी नव्हतीच. नवं एक्सचेंज बसवलं तेव्हा चार हजार कार्डं आम्ही इकडे उतरवून घेतली. कार्डावर जे असेल ते इथं. या फोनचं बाकी सगळं एक्सचेंज ऐकतं, सुरांचं फक्त ऐकू नको असं त्याला सांगून ठेवलंय."

कार्डं अजून होती, खालच्या लोखंडी खणात. साहेब गुडघ्यांवर बसून शोधत होते आणि ती त्यांच्या डोक्यावर उभी राहून घड्याळ बघत होती. तीन वाजून वीस मिनिटं. कार्ड पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेले. वरती नंबर छापलेला, खाली तिरक्या, घट्ट अक्षरांत चार ओळी. अक्षर तिनं लगेच ओळखलं. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर हेच अक्षर असायचं.

"हा नंबर फक्त चकतीवर ठेवावा. सुरांचे कान बाराच आहेत. दवाखाने, डॉक्टर, अग्निशमन यांना आधी. स्वतःच्या विनंतीवरून." खाली सही आणि एकोणतीस वर्षांपूर्वीची तारीख.

"कान म्हणजे?" साहेब आबांच्या नंतर आलेले, त्यांना हे शब्द नवे होते.

तिला माहीत होतं. पट्ट्यांच्या एक्सचेंजला चकतीची टकटक कळायची, सूर कळायचे नाहीत. सूर ओळखायला वेगळी यंत्रं आणावी लागली, तीही मोजकी. इथली माणसं त्यांना कान म्हणायची. अख्ख्या गावाला बारा कान. बारा जण एकदम बटणं दाबत असले की तेरावा ताटकळत बसायचा. त्या वेळी बटणांच्या फोनचं केवढं अप्रूप होतं! एक्सचेंजमधल्या प्रत्येकानं पहिल्याच आठवड्यात आपल्या घरची सोय करून घेतली होती. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे ज्याच्या हातात होतं त्या माणसानं आपल्या घरापुढं काट मारली आणि घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही.

"चार हजारांत अशी किती कार्डं आहेत?"

"असं लिहिलेलं? हे एकच."

हसावं की कपाळावर हात मारावा तिला कळेना. संत म्हणावं अशी माणसं दुसऱ्याच्या घरात असावीत. आपल्या घरात असली की धावपळ आपली होते. "बरं, बदला ना मग. एका बटणाचं काम आहे."

"एकाच बटणाचं आहे," साहेब म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले. "पण हे वाचलंत ना? स्वतःच्या विनंतीवरून. फोनमालकानं मागून घेतलेलं फोनमालकानंच बदलायचं, असा नियम आहे. अर्ज आणायला वेळ नसेल तर त्यांनी घरच्या फोनवरून मला सांगितलं तरी चालेल, नंबर मला इथं दिसतो. पण सांगायला तेच हवेत."

"अहो, मी त्यांची मुलगी. तुमच्याच खात्यातली."

"म्हणून तर. माझ्या जागी तुम्ही असतात तर केलं असतं का?"

नसतं केलं. तिनं निमूट साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलला.

"आबा, कपाटबिपाट काही नाही. तुमचं कार्ड सापडलं."

"अगं बाई," एवढंच आबा म्हणाले. "ते मी विसरूनच गेलो होतो."

"आता साहेबांना सांगा की सोय हवी. एवढंच."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

"कान किती आहेत आता?"

"आबा, तो काळ गेला. आता प्रत्येक तारेला आपापला कान आहे."

"प्रत्येक? चार हजार?" त्यांच्या आवाजात शुद्ध अविश्वास होता. "तुला कुणीतरी गंडवतंय. साहेबांना दे."

साहेबांनी फोन घेतला आणि त्यांची उलटतपासणी सुरू झाली. हो. नाही. हो, खाचेतच असतो. नाही हो, ताटकळावं लागत नाही. तुम्ही घेतला म्हणून कुणाचा कमी होत नाही. चार हजार जणांनी एकदम दाबलं तरी? साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चाललंच पाहिजे." मग ते ऐकत राहिले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"विचार करून फोन करतो म्हणाले."

विचार करून! पावणेचार झाले होते. ती त्या रिकाम्या दालनात येरझाऱ्या घालू लागली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, फिकट चौकोनांवरून, भोकांवरून. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माणूस दुसऱ्यासाठी चार दारं ठोठावेल आणि स्वतःसाठी एका दारी जीभ उचलायची नाही. त्याच्या गळ्यात बटण बांधून तरी काय उपयोग? धाकटा मूर्ख नव्हता. ज्यानं तीन तास शेजाऱ्यांना हाक मारली नाही, तो कुठल्या अनोळखी बाईला मारणार होता? सकाळपासून आपण सगळं तपासलं. तारा, खुंटी, डबी, खाच. हे एवढं तपासायचं राहिलं.

न राहवून तिनं घरी फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. कुणाशी बोलतोय हा माणूस?

चार वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी खुणेनं तिला जवळ बोलावलं आणि रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला.

"साहेब, मी चौकातल्या दवाखान्यातल्या बाईंना फोन लावून विचारलं," आबा सांगत होते. "त्यांना म्हटलं, तुमची बटणं पहिल्या झटक्यात लागतात का, कधी थांबावं लागतं का. नाही म्हणाल्या. अग्निशमनलाही लावला. त्यांनी आधी विचारलं, आजोबा, आग कुठं लागलीये."

साहेबांनी ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. "मग? काय ठरलं?"

भिंगरी सबंध दिवसात पहिल्यांदा निश्चल उभी होती.

"मला बटणांची सोय हवी आहे," आबा म्हणाले. शब्द अर्जातले होते. "माझ्या घरच्या फोनवर. मला… गरज आहे."

साहेबांनी एक बटण दाबलं.

ती घरी पोचली तेव्हा साडेचार वाजत आले होते आणि अलार्मवाली, निळ्या सदऱ्यातली गोल चेहऱ्याची बाई, आधीच येऊन पेटीच्या तारा जोडत होती. धाकटा खोक्यावर बसला होता. त्यानं ताईकडे पाहिलं, ताईनं मान हलवली. झालं.

"चाचणी अशी," अलार्मवाली म्हणाली. "बटण आजोबांनीच दाबायचं, दुसऱ्या कुणी नाही. केंद्रातली बाई विचारेल, काय झालं. 'चाचणी आहे' म्हणायचं. मी कागदावर खूण करते आणि निघते."

"यंत्र चालेल गं," धाकटा हळूच ताईच्या कानाशी म्हणाला. "पण हे दाबतील का कधी? खरं सांग."

ती पेटीची जोडणी पुन्हा एकदा बघायला वाकली.

आबांनी गळ्यातलं बटण उजव्या हातात घेतलं, थोडा वेळ नुसतं धरलं आणि दाबलं. पेटीतून घूं आलं. मग सुरांची एक भराभर माळ, पाखरं उडावीत तशी, आणि पहिल्याच सुराला घूं तुटलं. घंटा वाजली. "मदत केंद्र," एक तरुण, शांत आवाज खोलीभर पसरला. "आजोबा, काय झालं?"

"चाचणी आहे," आबा म्हणाले.

"छान. आवाज स्वच्छ येतोय. ठेवू मग?"

अलार्मवालीनं कागदावर खूण केली. आबा पेटीकडे बघत राहिले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "लागलाच आहे फोन तर… मंगळवारी न्हाणीघरात पाय सरकला माझा. डावा हात वर होत नाही तेव्हापासून. कुणाला बोललो नाही."

भिंगरीला आठवलं, सकाळपासून आबांनी रिसीव्हर, चहाचा कप, सगळं उजव्याच हातानं घेतलं होतं. एवढं सगळं तपासणारी ती, तिनं पाहिलं नव्हतं.

"आत्ता दुखतंय?" पेटीनं विचारलं.

"हो."

"डॉक्टरांना पाठवू?"

आबांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग मुलाकडे. आता हा ओरडणार, आता गाडी, आता खोकी, असं त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलं होतं. तरी ते म्हणाले, "पाठवा."

धाकटा उठला. चिकटपट्टीचं रीळ त्यानं खोक्यावर ठेवलं आणि मोबाईल काढत बाहेरच्या ओसरीवर गेला. भिंगरी त्याच्यामागं दारापर्यंत धावली. भांडायचं तर आत्ताच भांडून घ्यावं म्हणून. पण तो फोनवर बोलत होता. "हो, ती खोली. नको आता. नाही, पुढं ढकलत नाहीये, सोडतोय." मग ऐकून घेऊन म्हणाला, "काय आहे ना, ते स्वतःहून बोलायला लागलेत."

तो आत आला, आबांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या डाव्या बाहीचं बटण सोडून बाही अलगद वर सरकवू लागला. कोपरापासून दंडापर्यंत सगळं काळंनिळं होतं.

"अहो आबा!"

"हळू रे."

"आजोबा, मी आहे अजून लाइनवर," पेटीतली बाई म्हणाली. "डॉक्टर निघालेत. तोवर सांगा मला, कुठं कुठं लागलंय?"

आबांनी खुर्चीत पाठ टेकवली. "सांगतो," ते म्हणाले. "खांद्यापासून सुरू करू का?"